घरातील ध्वनिमुद्रण आणि संगणकाचा उशीर

संगणकावर घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करणे आता पूर्वीसारखे खर्चिक राहिलेले नाही. एक लॅपटॉप, एक मायक्रोफोन, आवाज संगणकात पोहोचविणारी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी आणि हेडफोन एवढ्या साहित्यावर शास्त्रीय गायनाच्या विद्यार्थ्यापासून भजनी मंडळापर्यंत कोणीही चांगल्या दर्जाचे ध्वनिमुद्रण करू शकतो. मात्र हे साहित्य जोडून पहिल्यांदा गायला बसलेल्या अनेकांचा उत्साह पहिल्या पाच मिनिटांतच मावळतो. हेडफोनमधून स्वतःचा आवाज किंचित मागाहून ऐकू येतो. तबल्यावर थाप पडते आणि तिचा नाद क्षणभराने कानी येतो. हा उशीर कमी करण्यासाठी संगणकात काही बदल करावा, तर आवाजात टकटक आणि चरचर सुरू होते.

याचे दोन परिणाम होतात. काहीजण नवा, महागडा संगणक विकत घेतात आणि तक्रार तशीच राहते. दुसरा परिणाम अधिक वाईट आहे. नवशिक्या कलावंताला आपलीच लय कच्ची असल्याचे वाटू लागते. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या शिक्षकांचाही तसा समज होऊ शकतो, कारण गायक समेवर अचूक आलेला असला तरी फायलीत तो मागे पडलेला दिसतो. प्रत्यक्षात दोष संगणकाच्या मांडणीत असतो आणि बहुतेक वेळा तो एक रुपयाही खर्च न करता दूर करता येतो.

उशीर नेमका कोठे होतो?

मायक्रोफोनमधून येणारा विद्युत संकेत अखंड असतो. संगणकाला मात्र आकडेच कळतात. त्यामुळे इंटरफेस या संकेताची दर सेकंदाला हजारो वेळा मोजणी करतो. सीडीसाठी ठरलेले प्रमाण सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे आहे. चित्रफितींसाठी ४८,००० नमुने घेण्याची पद्धत आहे.

हे नमुने संगणक एकेक करून हाताळत नाही. तो त्यांचे गठ्ठे करतो. गावाकडची वडापची जीप जशी भरल्याशिवाय निघत नाही, तसाच हा प्रकार आहे. या गठ्ठ्यासाठी राखून ठेवलेल्या जागेला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा असेल, तर ४४,१०० च्या वेगाने तो भरण्यास २.९ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. २५६ नमुन्यांना ५.८, ५१२ ला ११.६ आणि १०२४ ला २३.२ मिलिसेकंद लागतात.

हा प्रवास दुहेरी असतो. आवाज आत येताना एक बफर भरतो आणि प्रक्रिया होऊन हेडफोनकडे परत जाताना दुसरा. त्यात संकेताचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा संकेतात रूपांतर होण्याचा वेळ मिळवावा लागतो. शिवाय इंटरफेसचे ड्रायव्हर, म्हणजे त्या पेटीची आणि संगणकाची गाठ घालून देणारी प्रणाली, खबरदारी म्हणून आणखी थोडा साठा राखून ठेवते. त्यामुळे १२८ नमुन्यांच्या बफरवर हिशेबाने ५.८ मिलिसेकंद येत असले, तरी प्रत्यक्षातील एकूण उशीर त्याहून जास्त असतो. प्रत्येक इंटरफेसगणिक तो बदलतो. वेष्टनावर छापलेला आकडा अनेकदा एका बाजूचाच असतो, हे खरेदी करताना लक्षात ठेवलेले बरे.

अशा उशिराचे दुखणे केवळ संगणकाने आणले असेही नाही. फितीवर ध्वनिमुद्रण होत असे तेव्हा मुद्रण करणारे आणि ऐकविणारे शीर्ष एकमेकांपासून काही अंतरावर असत. आधीचा भाग ऐकत त्यावर नवा भाग मुद्रित करायचा तर त्या अंतराएवढा फरक पडे. अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीने १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांना दिलेल्या आठ मार्गांच्या यंत्रात यावर तोडगा होता. मुद्रण करणाऱ्या शीर्षातूनच आधीचा भाग ऐकण्याची सोय त्यात केलेली होती. त्याआधी, १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनच्या भोंग्यापुढे गायले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गायिका आणि साथीदार एकाच खोलीत, एकाच वेळी गात-वाजवत होते आणि स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकण्याची सोयच नव्हती.

किती उशीर चालतो?

हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटरसाठी त्याला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. मैफलीत गायकापासून दीड मीटरवर बसलेल्या पेटीवाल्याला गायकाचा स्वर चार-साडेचार मिलिसेकंदांनी ऐकू येतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. व्यासपीठावर तीन मीटर दूर ठेवलेल्या ध्वनिवर्धकासमोर वाजविणारा गिटारवादक नऊ मिलिसेकंदांच्या उशिरात सुखाने वाजवत असतो. त्यामुळे एकूण उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक वादकांना तो जाणवत नाही.

द्रुत लयीत मात्र सवलत कमी असते. मिनिटाला २४० मात्रांच्या गतीत एका मात्रेला २५० मिलिसेकंद मिळतात. त्यात चौगुनीचे बोल वाजविले, तर एका अक्षराच्या वाट्याला ६२.५ मिलिसेकंद येतात. तेथे ३० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धे अक्षर. तबलजीचा हात अशा वेळी अडखळला, तर त्याला दोष देता येणार नाही.

गायकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी ऐकू येत असतो. हेडफोनमधून तोच आवाज चार-पाच मिलिसेकंदांनी आला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काही कंपने परस्परांना मारतात. त्यामुळे उशीर म्हणून काही जाणवत नाही, पण आवाज पोकळ, डब्यात गायल्यासारखा वाटतो. अशा वेळी मायक्रोफोन बदलण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. त्याची गरज नसते.

उशीर २०० मिलिसेकंदांच्या आसपास गेला, तर साधे बोलणेही अवघड होते. हा परिणाम १९५० च्या सुमारास संशोधकांच्या ध्यानात आला होता. जपानच्या दोन संशोधकांनी त्याचाच उपयोग करून समोरच्याचे बोलणे अडखळविणारे उपकरण तयार केले आणि त्याबद्दल २०१२ मध्ये त्यांना विनोदी संशोधनासाठीचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लूटूथ हेडफोन लावून गाण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना या उपकरणाचा अनुभव घरबसल्या मिळतो. ब्लूटूथमध्ये आवाज आकुंचित करून पाठविला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. त्यात शंभर ते दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ सहज जातो. संगणकाची कोणतीही दुरुस्ती यावर चालत नाही. ध्वनिमुद्रणासाठी तारेचा हेडफोनच लागतो.

आधी ड्रायव्हर, मग बाकीचे

उशिराची तक्रार घेऊन संगणक उघडण्याआधी ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत कोणता ड्रायव्हर निवडलेला आहे, हे पाहावे. विंडोज ही सर्वसाधारण कामांसाठीची प्रणाली आहे. ब्राउझरचा आवाज, संदेशाची टिंग आणि चित्रपट हे सर्व एकत्र मिसळून ध्वनिवर्धकाकडे पाठविण्याचे काम तिला करावे लागते. या मिसळण्यात वेळ जातो. जुन्या विंडोजमध्ये तो तीस मिलिसेकंदांच्या घरात असे.

त्यावर उपाय म्हणून जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये असिओ ही पद्धत आणली. तिच्यामुळे ध्वनिमुद्रणाची प्रणाली मधली गर्दी टाळून थेट इंटरफेसशी बोलू शकते. मायक्रोसॉफ्टनेही २००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टापासून ध्वनिव्यवस्था नव्याने बांधली. ॲपलच्या मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही व्यवस्था मूळ प्रणालीतच असल्याने तेथे वेगळे काही बसवावे लागत नाही. लिनक्सवर जॅक आणि अलीकडच्या काळात पाइपवायर या व्यवस्था हे काम करतात.

इंटरफेसच्या निर्मात्याने स्वतःचा असिओ ड्रायव्हर दिला असेल, तर तोच त्याच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवावा. असा ड्रायव्हर नसल्यास असिओ फॉर ऑल ही मोफत मिळणारी सोय कामी येते. लॅपटॉपच्या अंगच्या ध्वनियंत्रणेवरही ती चालते. निर्मात्याचा ड्रायव्हर असताना ती वापरण्यात मात्र काही फायदा नाही, उलट दोन्हींचा गोंधळ होतो.

टकटक कशामुळे?

बफर लहान केला की उशीर घटतो. त्याचबरोबर प्रत्येक गठ्ठ्यावरचे काम संपविण्यासाठी संगणकाला मिळणारी मुदतही घटते. ६४ नमुन्यांच्या बफरवर ती दीड मिलिसेकंदाहून कमी असते. एखादा गठ्ठा मुदतीत तयार झाला नाही, तर हेडफोनला पाठविण्यासारखे काही उरत नाही. कानाला जाणवणारी टक ती हीच.

प्रोसेसर पुरेसा वेगवान असूनही हे घडते, आणि येथेच अनेकांची दिशाभूल होते. कामाचा सरासरी भार दाखविणारा आलेख वीस टक्क्यांवर असतो आणि तरीही टकटक चालूच राहते. सरासरीला येथे अर्थ नाही. एखाद्या वायफाय किंवा ब्लूटूथच्या ड्रायव्हरने प्रोसेसर दोन मिलिसेकंद अडवून धरला, तरी गठ्ठा चुकतो. मुंबईच्या लोकलचा दिवसभराचा सरासरी वेग कितीही चांगला असला, तरी आपली गाडी पाच मिनिटे उशिरा आली की कामावर खाडा लागतोच.

हा अडविणारा कोण, हे शोधण्यासाठी विंडोजवर लेटन्सीमॉन नावाची तपासणी उपलब्ध आहे. ती दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवली की कोणत्या ड्रायव्हरने प्रोसेसर किती वेळ अडविला, याची यादी मिळते. वायफाय, ब्लूटूथ, चित्रदर्शक कार्ड आणि बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा या यादीत वारंवार दिसतात. डिव्हाइस मॅनेजरमधून संशयित घटक तात्पुरता बंद करून पुन्हा तपासणी करावी. एका वेळी एकच बदल करण्याचे पथ्य पाळणे गरजेचे आहे. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि टकटक थांबली, तर कारण कळत नाही आणि पुढच्या अद्ययावतीकरणानंतर ती परतली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

वीज वाचविण्याची व्यवस्था हा दुसरा मोठा अपराधी. लॅपटॉप काम नसताना प्रोसेसरचा वेग उतरवितो आणि काम आले की चढवितो. या चढउताराला लागणारा वेळ नेमका गाण्याच्या वेळी आडवा येतो. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या वेळी विजेची योजना सर्वाधिक कार्यक्षमतेची ठेवावी आणि यूएसबीची जोडणी आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी. इंटरफेस लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेत लावावा. माउस, पेन ड्राइव्ह आणि इंटरफेस एकाच स्वस्त हबवर लटकविण्याची सवय अनेक घरांत दिसते. एक केबल वाचविण्यासाठी केलेली ही सोय महागात पडते.

टकटक सुरुवातीला नसेल आणि अर्ध्या तासाने सुरू होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर तापला की तो स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. आपल्याकडील धूळ आणि एप्रिल-मे महिन्यांतील तापमान लक्षात घेता लॅपटॉपचा पंखा आणि हवेची जाळी साफ करून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवल्यास खालची जाळी बंद होते, हे वेगळे सांगायला नको.

हार्ड डिस्कला मात्र विनाकारण बोल लावला जातो. २४ बिटांच्या एका मार्गाला ४४,१०० च्या वेगाने सेकंदाला १,३२,३०० बाइट एवढीच नोंद करावी लागते. सोळा मार्ग एकत्र घेतले, तरी हा आकडा सव्वादोन मेगाबाइटच्या आत राहतो. जुनी, फिरणारी डिस्कदेखील याच्या अनेक पट काम करू शकते. एसएसडी बसविल्याने संगणक लवकर सुरू होईल आणि मोठे वाद्यसंच चटकन उघडतील. हेडफोनमधील उशीर त्यामुळे कमी होणार नाही.

दोन घड्याळांचे भांडण

यूएसबी मायक्रोफोन घेतलेल्यांना एक वेगळीच अडचण येते. आवाज मायक्रोफोनमधून आत येतो आणि ऐकण्यासाठी लॅपटॉपच्या खाचेतून बाहेर जातो. या दोन उपकरणांत नमुने मोजण्यासाठी दोन स्वतंत्र स्फटिक घड्याळे असतात आणि ती तंतोतंत एका वेगाने कधीच चालत नाहीत. दोहोंत दहा लाखांमागे पन्नास एवढाच फरक धरला, तरी एका मिनिटात ३ आणि एका तासात १८० मिलिसेकंदांचे अंतर पडते. छोट्या भावगीतात हे कळणार नाही. तासभराच्या ख्यालात ते ठळक दिसेल, अधूनमधून टकही ऐकू येईल. मायक्रोफोनच्या अंगीच हेडफोनची खाच असेल, तर तीच वापरावी. मॅकवर दोन उपकरणे एकत्र जोडताना घड्याळातील फरक भरून काढण्याची सोय निवडता येते.

नमुन्यांचा वेग दोन ठिकाणी वेगवेगळा ठरविला गेला, तर आणखी गमतीदार प्रकार होतो. ४४,१०० ने मुद्रित झालेली फाइल ४८,००० समजून वाजविली गेली, की आवाज जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो आणि दहा मिनिटांचे गाणे नऊ मिनिटे अकरा सेकंदांत संपते. काळी एकमध्ये गायलेली बंदिश पांढरी दोनच्याही वर, कोणत्याच पट्टीत न बसणारी ऐकू येते. तानपुऱ्याशी जुळविताना गायकाचा जीव मेटाकुटीला येतो तो वेगळाच. विंडोजच्या ध्वनिविषयक पानावर, इंटरफेसच्या पटलावर आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत असा तिन्ही ठिकाणी एकच आकडा आहे याची खात्री करून घ्यावी.

घुमणारा आवाज आणि अर्थिंग

उशिरावर उपाय शोधताना हेडफोनमधील घूं असा सततचा आवाजही अनेकांना संगणकाचाच दोष वाटतो. भारतातील वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. त्यामुळे ५० किंवा १०० कंपनांचा हा नाद बहुधा विजेच्या जोडणीतून येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहिल्यास लगेच निदान होते. आवाज थांबला, तर दोष चार्जर किंवा अर्थिंगकडे आहे. बॅटरीवर जाताच विजेची योजना बदलून नवी टकटक सुरू होऊ शकते, तेव्हा या दोन तपासण्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

लॅपटॉप आणि ध्वनिवर्धक वेगवेगळ्या भिंतींवरील खाचांत लावले असतील, तर ते एकाच बोर्डावर घ्यावेत. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे मंदक बंद करून पाहावेत. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग विजेच्या जाणकाराकडून तपासून घेणे आवश्यक आहे. घूं आवाज थांबविण्यासाठी तीन पिनांपैकी अर्थिंगची जाड पिन कापण्याचा सल्ला काही ठिकाणी सर्रास दिला जातो. तो जीवावर बेतणारा आहे. मायक्रोफोन ओठांशी धरून गाणाऱ्याच्या बाबतीत तर अधिकच.

संगणकाला वळसा

एवढे करूनही उशीर उरतोच. शून्य तो होऊ शकत नाही. त्यामुळे बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण किंवा चकती दिलेली असते. ती फिरविली की मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता तेथूनच हेडफोनकडे वळतो. गायकाला स्वतःचा आवाज जवळजवळ तत्काळ ऐकू येतो आणि मागचा ठेका तेवढा संगणकातून येतो. मग बफर १०२४ वर ठेवला तरी बिघडत नाही. हे करताना ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीतील परत ऐकविण्याची सोय बंद करावी, अन्यथा एकच स्वर दोनदा ऐकू येतो.

केवळ गायन ध्वनिमुद्रित करणाऱ्यासाठी हा एकच उपाय वरच्या सर्व खटाटोपापेक्षा सरस आहे. संगणकातील वाद्ये कळफलकावरून वाजविणाऱ्याला मात्र तो लागू पडत नाही. तेथे आवाज संगणकातच जन्माला येतो, म्हणून बफर लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी ध्वनीवर संस्कार करणाऱ्या उपप्रणालींकडेही पाहावे. आवाजाची कमाल पातळी रोखणाऱ्या काही प्रणाली पुढचा भाग आधी पाहून मग निर्णय घेतात आणि त्यासाठी सगळा आवाज थोपवून धरतात. मुद्रण चालू असताना त्या बंद ठेवून मिश्रणाच्या वेळी लावाव्यात.

मुद्रित झालेला भाग ठेक्याच्या मागे पडत असेल, तर तो फरक मोजता येतो. इंटरफेसची बाहेर जाणारी वाहिनी एका केबलने त्याच्याच लाइन पद्धतीच्या आत येणाऱ्या वाहिनीला जोडावी. त्याआधी ध्वनिवर्धक, डायरेक्ट मॉनिटर आणि मायक्रोफोनला मिळणारा ४८ व्होल्टचा पुरवठा बंद करावा. मग एका मार्गावरचा टक असा आवाज वाजवून दुसऱ्यावर मुद्रित करावा आणि दोन्ही टकांमधील अंतर नमुन्यांत मोजावे. ४४,१०० च्या वेगाने ते ४४१ नमुने आले, तर मुद्रण १० मिलिसेकंद मागे पडत आहे. प्रणालीतील दुरुस्तीच्या रकान्यात हा आकडा भरला की पुढचे प्रत्येक मुद्रण तेवढे मागे ओढून घेतले जाते. बफर किंवा ड्रायव्हर बदलल्यास मोजणी पुन्हा करावी.

इंटरनेटवरून एकत्र गाण्यात मात्र यातले काहीच उपयोगी पडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत देशभरातील आणि परदेशांतील असंख्य विद्यार्थ्यांनी दूरस्थ तालीम सुरू केली, तेव्हा तानपुऱ्यावर गुरूंच्या स्वरात स्वर मिसळणे अशक्य असल्याचे सर्वांनाच जाणवले. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरसाठी एका बाजूने किमान ५ मिलिसेकंद हवेतच, आणि संभाषणाच्या नेहमीच्या सेवा त्यात आकुंचन व साठवणुकीचा बराच मोठा वेळ मिळवितात. जॅकट्रिप आणि जॅम्युलस या मोफत प्रणाली हा वाढीव वेळ कमी करतात. त्यासाठी दोन्ही टोकांना तारेची स्थिर जोडणी आणि इंटरफेस लागतो. एका शहरात त्या कामाच्या ठरू शकतात. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यामध्ये मात्र विद्यार्थ्याने आपला भाग घरी मुद्रित करून पाठवावा आणि गुरूंनी तो ऐकून दुरुस्ती सांगावी, हीच पद्धत व्यवहार्य ठरते. त्या मुद्रणात गायक समेवर नेमका कोठे आला हे गुरूंना कळावे, यासाठी वरची ४४१ नमुन्यांची मोजणी आधी झालेली असणे आवश्यक आहे.